गॉडफादरमधला बोनासेरा नक्की कशाला घाबरत होता?

शेवटचा_शो

परवा रात्री गॉडफादर परत लावला. कॉलेजात असल्यापासून खूपदा पाहिलाय पण या वेळी शेजारी वडील बसले होते, त्यांनी कधीच पाहिला नव्हता, एरवी इंग्रजी सिनेमा म्हटलं की उठून आत जातात पण पाय मुरगळल्यामुळे हॉलमध्येच पलंग टाकलाय आणि सबटायटल मोठ्या अक्षरात लावली म्हणून बघत राहिले. वडिलांची सगळी नोकरी तालुक्याच्या कोर्टात कारकून म्हणून झाली, त्यामुळे न्याय हा शब्द कुणी उच्चारला की त्यांचं लक्ष लगेच तिकडे जातं.

सुरुवात बऱ्याच जणांना पाठ असेल. काळा पडदा, नुसता आवाज, "माझा अमेरिकेवर विश्वास आहे", मग अंधारातून बोनासेराचा चेहरा, आणि कॅमेरा इतका सावकाश मागे सरकतो की जवळजवळ तीन मिनिटं आपल्याला कळतच नाही की हा बोलतोय कुणाशी. धंद्याने अंडरटेकर, मयत सजवायचं काम. तो सांगतो की अमेरिकेने मला पैसा दिला, मुलीला मी अमेरिकन पद्धतीने वाढवलं. ती मुलगी एका मित्राबरोबर बाहेर गेली, त्याने आणि त्याच्या जोडीदाराने तिला दारू पाजून जबरदस्ती करायचा प्रयत्न केला, तिने प्रतिकार केला म्हणून मारलं, नाक मोडलं, जबडा तारेने बांधायला लागला. बाप चांगल्या नागरिकासारखा पोलिसात गेला. जजने तीन वर्षांची शिक्षा सुनावली आणि तिथल्या तिथे स्थगित केली. पोरं त्याच दिवशी सुटली आणि वर ह्याच्याकडे बघून हसली.

वडिलांनी इथे पॉज करायला सांगितलं. दोन मिनिटं गप्प बसले, मग म्हणाले चालू कर. पुढे ज्याच्याकडे तो न्याय मागायला आलाय तो माफियाचा डॉन व्हिटो कॉर्लिओने विचारतो की पोलिसात का गेलास, आधी माझ्याकडे का नाही आलास, आणि मग ते वाक्य येतं की तुला माझी मैत्री कधी नको होती कारण माझ्या ऋणात राहायची तुला भीती वाटत होती, तुला अमेरिकेत स्वर्ग सापडला होता, धंदा चांगला चालला होता, पोलीस होते, कोर्ट होतं, माझ्यासारख्या मित्राची गरज काय. तर वडील म्हणाले, "हा माणूस मारामारीला घाबरत नाहीये रे, ह्याला मिंधं व्हायची भीती आहे. इतकी वर्षं ह्याच्या दारात आला नाही तो त्याच्यासाठीच."

मी इतक्या वेळा बघून मला हा शब्द सुचला नव्हता. तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. आपण अमेरिकन ड्रीम म्हणतो म्हणजे बंगला गाडी पैसा एवढंच समजतो, पण मुळात ते स्वप्न कुणाचं मिंधं न राहता स्वतःच्या हिमतीवर उभं राहायचं आहे ना? जमीनदार नको, राजा नको, वशिला नको. मग बोनासेरा तर ते स्वप्न जगतच होता, आणि सिनेमा पहिल्या पाच मिनिटांत त्याला वाकून हाताचं चुंबन घ्यायला लावतो. तर मला विचारायचंय की हा सिनेमा ते स्वप्न खोटं होतं असं म्हणतोय का? की व्हिटोने ते खरं करून दाखवलं असं म्हणतोय? ज्यांनी दोन्ही भाग नीट पाहिलेत त्यांनी जरूर लिहा. तिसऱ्याबद्दल वेगळा धागा काढू.

चौथी_रांग

वडिलांना माझा नमस्कार सांगा, मिंधा हा शब्द या सिनेमाला इतका चपखल बसतो की मी आजच पार्ट टू परत काढून बघितला त्याच नजरेने.

मला वाटतं उत्तर त्या दुसऱ्या भागातल्या नासपतीत आहे. तरुण व्हिटो म्हणजे रॉबर्ट डी नीरो, न्यूयॉर्कच्या इटालियन वस्तीत, १९१७ साल. आबांदांडोच्या किराणा दुकानात कामाला असतो, मालक चांगला आहे, पोरक्या व्हिटोला त्यानेच सांभाळलेलं आहे. मग गल्लीचा दादा फानुची, पांढरा सूट घालून फिरणारा, तो येऊन सांगतो की माझ्या पुतण्याला कामावर ठेव, आणि मालकाचा नाइलाज होतो. मालक रडकुंडीला येऊन व्हिटोला काढतो आणि मागून धावत येऊन किराण्याने भरलेलं खोकं हातात द्यायला बघतो. व्हिटो ते घेत नाही. तुम्ही मला बापासारखं वागवलंत, ते मी विसरणार नाही, एवढं बोलून निघतो. आता घरात बायको, लहान मूल, नोकरी गेलेली. घरी येतो, खिशातून कागदात गुंडाळलेली एक नासपती काढून टेबलावर ठेवतो. बायको म्हणते किती छान आहे. बस्स, नोकरी गेल्याचा एक शब्द नाही. मला वाटतं अख्ख्या दोन सिनेमांत व्हिटो खऱ्या अर्थाने स्वतंत्र माणूस असतो तो एवढ्याच वेळापुरता, कारण त्याने कुणाचं काही घेतलेलं नाहीये आणि त्याच्याकडे देण्यासारखंही त्या एका फळाशिवाय काही नाहीये.

त्याच्या पुढे सगळी उतरंड चालू होते. शेजारचा क्लेमेंझा रात्री खिडकीतून एक बोचकं टाकतो, लपवून ठेव म्हणतो, व्हिटो ठेवतो, त्यात बंदुका असतात. त्याची परतफेड म्हणून क्लेमेंझा त्याला गालिचा देतो, मित्राच्या घरून आणू म्हणतो आणि तिथे गेल्यावर कळतं की चोरी चाललीये. म्हणजे पहिल्या गुन्ह्यालाही निमित्त उपकाराचंच आहे. फानुचीला मारल्यावर गल्लीत व्हिटोचं वजन वाढतं. मग एक विधवा बाई येते, घरमालक तिला खोली खाली करायला लावतोय कारण तिच्याकडे कुत्रा आहे. व्हिटो त्या मालकाला रस्त्यात गाठून अतिशय नम्रपणे विनंती करतो, सहा महिन्यांचं भाडं आगाऊ देतो, आवाज चढवत नाही. मालक आधी उडवून लावतो. नंतर गल्लीत चौकशी करतो हा कोण म्हणून, आणि दुसऱ्या खेपेला घाम फुटलेल्या अवस्थेत दुकानात येतो, पैसे परत करतो, भाडं पाच डॉलरने कमी करतो, मग दहाने, आणि जाताना गडबडीत त्याला दारही उघडता येत नाही.

बघताना बरं वाटतं हो, खरंच बरं वाटतं, बाईला घर मिळालं. पण ती बाई आता कायमची मिंधी आहे, तो मालकही मिंधा आहे, आणि व्हिटोने हात वर न करता हे केलंय. जे मिंधेपण त्याने किराण्याच्या खोक्याच्या वेळी नाकारलं तेच तो आता सगळ्या गल्लीला वाटत सुटलाय. त्यामुळे माझं उत्तर असं की त्याने स्वतःपुरतं ते स्वप्न मिळवलं, पण दुसऱ्यांचं काढून घेऊन. बोनासेरा हा त्यातला शेवटचा माणूस जो इतकी वर्षं निसटून राहिला होता.

हडसनकाठची

मी गेली चौदा वर्षं न्यू जर्सीत आहे त्यामुळे हा धागा वाचून राहवलं नाही.

आधी एक दुरुस्ती, कारण हे इथेही खूप लोकांना खरं वाटतं. पार्ट टूमध्ये १९०१ साली नऊ वर्षांचा व्हिटो अँडोलिनी एकटा एलिस आयलंडला, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातल्या स्थलांतरितांच्या तपासणीच्या बेटावर उतरतो, गावाचं नाव कॉर्लिओने, आणि टेबलामागचा कारकून गावाचंच नाव आडनाव म्हणून लिहून टाकतो. सिनेमात हे फार सुंदर आहे पण प्रत्यक्षात तिथले लोक नावं लिहीत नसत, जहाजावर चढताना बनलेल्या प्रवाशांच्या यादीवरून ताडून बघत. नावं बदलली ती बहुतेकांनी नंतर स्वतः बदलली, नोकरीसाठी, शाळेसाठी, शेजाऱ्यांना उच्चारता यावं म्हणून. मला तर हे सिनेमातल्या प्रसंगापेक्षा जास्त लागतं. कुणी तुमचं नाव हिसकावून घेणं वेगळं आणि तुम्हीच एक दिवस ते सोडून देणं वेगळं.

सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांना घेऊन गेले होते तिथे. १८९२ ते १९५४ या काळात एक कोटी वीस लाखांवर माणसं त्या बेटावरून आत गेली. वरचा मोठा हॉल आता रिकामा आहे, थोडी जुनी लाकडी बाकं ठेवलीत, आणि उंच खिडक्यांतून उजेड येतो. पूर्वी लोक जिना चढून या हॉलमध्ये यायचे तेव्हा डॉक्टर वरून बघत असायचे की कोण धापा टाकतंय, कोण लंगडतंय, आणि ज्याच्यावर संशय त्याच्या कोटावर खडूने अक्षर काढायचे. सासूबाई त्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "इतक्या लांब येऊन जिन्यात दम लागला म्हणून परत पाठवायचे?" सिनेमातल्या व्हिटोला देवी निघाल्यात म्हणून तीन महिने वेगळं ठेवतात, तो त्या खोलीत खुर्चीवर बसतो, खिडकीतून स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दिसतोय, आणि इतका वेळ एक शब्दही न बोललेलं ते पोर बारीक आवाजात गाणं म्हणायला लागतं. मी तो प्रसंग आता सलग बघू शकत नाही.

आणि एक गोष्ट इथे कुणी बोलत नाही म्हणून लिहिते. तो दरवाजा सगळ्यांना उघडा नव्हता. इटालियन लोकांचा तिथे प्रचंड द्वेष व्हायचा, १८९१ मध्ये न्यू ऑर्लीन्सला जमावाने तुरुंगात घुसून अकरा इटालियन लोकांना मारलं होतं, तरी ते निदान आत येऊ शकत होते आणि नागरिक होऊ शकत होते. आपल्याकडच्या माणसांसाठी १९१७ च्या कायद्याने दार बंदच झालं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की भारतीय माणूस गोरा नाही म्हणून नागरिक होऊ शकत नाही, आणि हे थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते. १९२४ च्या कायद्याने मग इटलीचाही कोटा अगदी थोडा केला. आपल्यासारख्यांची खरी ये-जा सुरू झाली ती १९६५ नंतर.

मूळ प्रश्नाबद्दल माझं उत्तर. मी व्हिसावर आले, ग्रीन कार्डच्या रांगेत आहे, ती रांग देशानुसार सात टक्क्यांच्या मर्यादेमुळे आपल्या लोकांसाठी कुठल्या कुठे लांबलीये. मधे एका कंपनीत मॅनेजरने मला सरळ ऐकवलं होतं की तुझे कागद आमच्या हातात आहेत, तेव्हा शनिवार-रविवारी काम करायला तक्रार नको. मी गप्प बसले. मुलाची शाळा चालू होती, गप्प बसले. शेवटचा_शो, तुमच्या वडिलांचा तो शब्द वाचल्यावर मला ते केबिन आठवलं, त्याच्या टेबलावरचा काचेचा पेपरवेट आठवला ज्याच्याकडे मी सगळा वेळ बघत होते. बोनासेरा कशाला घाबरत होता ते मला नीट माहीत आहे.

शेवटचा_शो

हडसनकाठची ताई, वडिलांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. थिंड यांच्या खटल्याचं त्यांना माहीत नव्हतं, दोनदा वाचायला लावलं मला. म्हणाले की कोर्टाने माणूस कोण ते ठरवायचं आणि नाही म्हणायचं, ह्याच्याइतकं वाईट काम कोर्टाचं नाही.

चौथी_रांग, नासपतीचा प्रसंग मला आठवतच नव्हता, रविवारी पार्ट टू लावतोय त्यांच्याबरोबर.

जुना_अंक

थोडं मागे जाऊ का? कारण गँगस्टर सिनेमा आणि अमेरिकन ड्रीम यांचं नातं गॉडफादरच्या खूप आधीचं आहे.

अमेरिकन ड्रीम हा शब्दप्रयोग सर्वतोमुखी केला जेम्स ट्रस्लो अॅडम्स या इतिहासकाराने, १९३१ च्या पुस्तकात. आणि त्याचा अर्थ त्याने मोटारी आणि मोठा पगार असा केलाच नव्हता, जन्म कुठेही झालेला असो प्रत्येकाला आपल्या कुवतीइतकं मोठं होता यावं असा समाज, असं तो म्हणत होता. साल लक्षात घ्या, महामंदीचा काळ, बँका बुडतायत, लोक सूपसाठी रांगा लावतायत. आणि बरोबर त्याच १९३१ मध्ये वॉर्नर स्टुडिओचे लिटल सीझर आणि पब्लिक एनिमी हे दोन गँगस्टर सिनेमे आले आणि तुफान चालले. लिटल सीझरमधला रिको खेड्यातून शहरात येतो आणि वर वर चढत जातो, ती भूमिका करणारा एडवर्ड जी. रॉबिन्सन स्वतः लहानपणी बुखारेस्टहून न्यूयॉर्कला आलेला ज्यू स्थलांतरित. ज्याच्या नोकरीचं खरं नाही त्या प्रेक्षकाने थिएटरात बसून असा माणूस बघितला की जो कुणाची परवानगी न घेता वर गेला आणि शेवटी गोळी खाऊन मेला. रॉबर्ट वॉरशो नावाच्या समीक्षकाने १९४८ मध्ये यावर एक लहानसा लेख लिहिलाय, त्याचं म्हणणं असं की गँगस्टरला शिक्षा गुन्ह्याची होतच नाही, यशस्वी झाल्याची होते. मी तो विद्यार्थी असताना वाचला होता आणि तेव्हापासून एकही गँगस्टर सिनेमा पूर्वीसारखा बघता आला नाही.

मग खरोखरच्या इतिहासाचं म्हणाल तर १९२० ते १९३३ दारूबंदी होती, आणि कायदेशीर धंद्यात, बँकेत, राजकारणात ज्यांना कुणी उभं करत नव्हतं अशा आयरिश, ज्यू, इटालियन वस्त्यांतल्या पोरांना ती एक शिडी मिळाली. डॅनिएल बेल या समाजशास्त्रज्ञाने १९५३ मध्ये अगदी हाच शिडीचा दाखला दिलाय, की एकामागोमाग एक आलेल्या स्थलांतरितांनी गुन्हेगारीची शिडी वापरली आणि पुढच्या पिढीने ती लाथेने ढकलून दिली. म्हातारा व्हिटो धाकट्या मुलाबद्दल, मायकेलबद्दल जे स्वप्न बघतो ना, सिनेटर कॉर्लिओने, गव्हर्नर कॉर्लिओने, ते म्हणजे हेच.

शेवटचं, मारियो पुझोबद्दल. त्याचे आईवडील इटलीहून आलेले, तो वाढला न्यूयॉर्कच्या हेल्स किचन भागात. गॉडफादर कादंबरी १९६९ ची, पण त्याच्या आधी त्याने द फॉर्च्युनेट पिल्ग्रिम नावाची कादंबरी लिहिली होती, स्थलांतरित बाईची, लुचिया सांता, जी पोरं मोठी करते, उपाशी राहते, हिशेब जुळवते, कुणापुढे वाकत नाही. आईवरून लिहिलेली. समीक्षकांनी वाखाणली पण खपली नाही. अंगावर कर्ज होतं म्हणून त्याने मग गुन्हेगारांची गोष्ट लिहिली, आणि पुढे त्याने स्वतःच सांगितलंय की डॉन तोंड उघडायचा तेव्हा मला माझ्या आईचा आवाज ऐकू यायचा. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. खरं स्वप्न जगलेली बाई कुणाला वाचायची नव्हती. तिचंच शहाणपण, तिचीच जरब एका खुन्याच्या तोंडी घातली तेव्हा सगळ्या जगाने ऐकलं. मिळाली तर ती आधीची कादंबरी नक्की वाचा, गॉडफादरपेक्षा चांगलं पुस्तक आहे असं माझं प्रामाणिक मत.

निळी_पायवाट

सगळे प्रतिसाद मनापासून वाचले, पण एक प्रसंग कुणीच काढला नाही. पहिल्या भागात सगळ्या डॉन लोकांची बैठक होते, मोठं लांबलचक टेबल, ड्रग्जच्या धंद्यात उतरायचं की नाही यावर चर्चा. त्यात एक डॉन म्हणतो की शाळांजवळ नको, मुलांना नको, आपण ते काळ्या लोकांच्या वस्त्यांपुरतं ठेवू, ती जनावरंच आहेत तशीही, जाऊ दे त्यांचे आत्मे. टेबलाभोवती कुणी हरकत घेत नाही. व्हिटोही घेत नाही. बैठक पुढे सरकते.

मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मित्रांबरोबर होतो, त्या वाक्यावर कुणाचं लक्षही गेलं नाही, माझ्या मात्र पोटात खड्डा पडला. कारण मला ते टेबल ओळखीचं होतं. आपल्यावर अन्याय झाला, आपल्याला गावाबाहेर ठेवलं, आपल्याला वर येऊ दिलं नाही, असं सांगणारी माणसं जेव्हा वर येतात तेव्हा ती खाली कुणाला तरी ठेवूनच वर येतात. चौथी_रांग म्हणतात व्हिटोने गल्लीला मिंधं केलं, बरोबर आहे, पण मिंधं व्हायलाही आधी माणूस म्हणून गणना व्हावी लागते. त्या डॉनच्या लेखी ज्यांची गणनाच नाही त्यांना उपकाराचं कर्जही मिळत नाही, फक्त विष मिळतं.

सिनेमा १९७२ चा. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली, आणि नाव घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून. म्हणजे गॉडफादर ज्यांना एका वाक्यात निकालात काढतो त्यांची हाक त्याच वर्षी वरळीच्या चाळींपर्यंत पोचली होती. दिग्दर्शक कोपोलाने ते वाक्य मुद्दाम ठेवलंय असंच मी मानतो, कारण त्याशिवाय त्या माणसांची खरी किंमत कळली नसती. पण अमेरिकन ड्रीमवर बोलताना ते वाक्य सोडून कुणी बोलू नये एवढंच माझं कळकळीचं सांगणं.

चौथी_रांग

निळी_पायवाट, खरंय, मी तो प्रसंग तीनदा लिहिताना टाळला असं आत्ता लक्षात आलं. तुम्ही लिहिलंत ते बरं झालं.

अडीचचा_खेळ

मला थोडं वेगळं वाटतं. सगळे व्हिटोबद्दल बोलतायत पण अमेरिकन ड्रीमची खरी गोष्ट मायकेलची आहे, कारण घरात सगळ्यात जास्त अमेरिकन तोच. कॉलेज, मरीनचा गणवेश, छातीवर पदकं, बरोबर के अॅडम्ससारखी जुन्या वळणाची अमेरिकन मुलगी. पार्ट टूच्या शेवटी डिसेंबर १९४१ चा प्रसंग आहे, बापाच्या वाढदिवसाला सगळी भावंडं टेबलाशी बसलीत, मायकेल सांगतो मी सैन्यात नाव घातलं, आणि थोरला भाऊ सनी भडकतो की परक्यांसाठी मरायला कशाला जायचं. मायकेलला तो देश परका वाटतच नाही. आणि हाच पोरगा पुढे कसलाही कायदा न मानणारा होतो.

बाप मुलाचा बागेतला संवाद आठवा. म्हातारा व्हिटो वाईन पितोय, तेच तेच परत विचारतोय, आणि मग म्हणतो की मी आयुष्यभर घरच्यांसाठी राबलो, त्याची माफी मागत नाही, मोठ्या लोकांच्या हातातल्या दोरीवर नाचणारा मूर्ख व्हायला मी नकार दिला. इथपर्यंत आपण सगळे त्याच्या बाजूने असतो. पण पुढचं वाक्य नीट ऐका, मला वाटलं होतं तुझी वेळ येईल तेव्हा त्या दोऱ्या तुझ्या हातात असतील. दोऱ्या तोडायच्या नाहीयेत त्याला! फक्त हात बदलायचाय. मग म्हणतो वेळ पुरला नाही मायकेल. हा प्रसंग कादंबरीत नाही, रॉबर्ट टाऊन या पटकथाकाराकडून कोपोलाने लिहून घेतला, श्रेयनामावलीत त्याचं नाव नाही पण ऑस्कर घेताना कोपोलाने त्याचे आभार मानले होते. माझ्या मते सिनेमातलं सगळ्यात मोठं लिखाण ते आहे.

मायकेल के अॅडम्सला सांगतो की पाच वर्षांत घराणं पूर्णपणे कायदेशीर होईल. पार्ट टूमधली मायकेलची गोष्ट सुरू होते १९५८ मध्ये, ती पाच वर्षं कधीच उलटलीत. नंतर हवानातली बैठक बघा, क्यूबाच्या राष्ट्राध्यक्षांपुढे टेलिफोन कंपनीचा माणूस, फळांच्या कंपनीचा, खाणीच्या कंपनीचा, आणि त्याच टेबलाला मायकेल आणि त्याचा धंद्यातला भागीदार, गँगस्टर हायमन रॉथ. टेलिफोन कंपनीने राष्ट्राध्यक्षांना भेट म्हणून सोन्याचा टेलिफोन आणलाय आणि तो हातोहात टेबलभर फिरतो, प्रत्येक जण वजन बघतो, पुढे देतो. मायकेलच्या हातातही येतो, तोही बघतो आणि शेजारच्याकडे देतो. त्या क्षणी तो कायदेशीर झालेला आहे! बापाला हवं तिथे पोचलाय, मोठ्या लोकांच्या पंगतीला बसलाय, कुणी त्याला वेगळं म्हणत नाही. आणि टेबलावर तेव्हाही एक देश वाटून घ्यायचंच काम चाललंय.

म्हणून मूळ प्रश्नाला माझं उत्तर, सिनेमा स्वप्न खोटं म्हणत नाही, ते पूर्ण झालेलं दाखवतो, आणि म्हणूनच मला तो बघून झाल्यावर रात्री झोप येत नाही.

हडसनकाठची

अडीचचा_खेळ, मायकेलवर सगळं पटलं पण के अॅडम्सला नुसतं बरोबरची मुलगी म्हणून सोडू नका. ती एकटीच खरं विचारते. पहिल्या भागाच्या शेवटी ती सरळ तोंडावर विचारते, तो खोटं बोलतो, ती विश्वास ठेवते आणि दार बंद होतं तिच्यासमोर, खोलीतली माणसं त्याच्या हाताचं चुंबन घेतायत. सुरुवातीला बोनासेरा त्या खोलीत आत होता, शेवटी के बाहेर आहे. मला दर वेळी त्या दाराचा आवाज आधीच ऐकू यायला लागतो.

शेवटचा_शो

काल रात्री वडिलांनी पार्ट टूच्या आधी पहिल्या भागातलं एकच परत लावायला सांगितलं, बोनासेरा दुसऱ्यांदा येतो ते. सनीला टोलनाक्यावर गोळ्यांनी चाळण करून मारलंय, आणि डॉन रात्री प्रेत घेऊन बोनासेराच्या तळघरात येतो. बोनासेरा उभा आहे, चेहऱ्यावर भीती, आज ते ऋण फेडायचंय आणि काय मागतील काय माहीत. डॉन विचारतो माझं काम करायला तयार आहेस ना. आणि मागतो काय, तर तुझं सगळं कौशल्य लाव, ह्याच्या आईने ह्याला असं बघू नये. आणि चादर बाजूला करतो.

वडील म्हणाले, "त्याचा रोजचाच धंदा मागितला की त्याला. पैसे देऊन कुणीही करून घेतलं असतं." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले की आमच्या कोर्टात एक म्हातारा यायचा, मुलीच्याच केसची तारीख घ्यायला, दर वेळी माझ्या टेबलावर दोन पेरू ठेवायचा, आणि मी दर वेळी ते परत त्याच्या पिशवीत घालायचो. तो म्हणायचा साहेब घ्या हो, नाहीतर मला तारीख विचारायला लाज वाटते. ही गोष्ट त्यांनी मला आजवर कधी सांगितली नव्हती. त्या केसचं पुढे काय झालं विचारलं तर म्हणाले आधी सिनेमा लाव, तीन तासांच्या वर आहे ना.